सड्यावरच्या बेचाळीस सह्या

रावजी कळंबटे भोळा आहे, असं आता सगळे म्हणतात. भोळा म्हणे! मेल्यांनो, भोळा माणूस अठ्ठावीस वर्षं कॉलेज चालवतो होय? हजेरीपटावर तो शिपाई होता हे खरं. पण प्राचार्य दर तीन वर्षांनी बदलायचे, अध्यक्ष वर्षातून दोनदा मुंबईहून यायचे, आणि बाकी रोज सकाळी कुलूप उघडायला तोच. मी तिथे बारा वर्षं ग्रंथपाल होते, कंत्राटावर. तेव्हा त्याला भोळा म्हणायच्या आधी माझं ऐकून घ्या. त्याची बाजू मांडायला दुसरं कोणी पुढे येत नाही. मलाही ती मांडायचा फारसा अधिकार नाही, पण ते पुढे येईलच.

हायवेवरच्या पालीवरून आत वळलं की चढण संपल्यावर सडा लागतो. नुसता कातळ. एप्रिलात चपलेतून चटका बसतो आणि पावसात पाय ठरत नाही. आमचं कॉलेज त्या सड्यावर होतं, म्हणून त्याला सगळे सड्यावरचं कॉलेजच म्हणायचे. जांभ्या चिऱ्यांच्या सहा खोल्या, पत्र्याची लायब्ररी, मागे विहीर. कला आणि वाणिज्य. आसपासच्या पाच गावांतल्या मुली तिथे यायच्या. मुलगे बारावी झाले की मुंबई गाठतात, त्यांची काळजी कोणी करत नाही. मुलींना मात्र रत्नागिरीला पाठवायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या, परतताना अंधार पडणार, आणि मग घरचे म्हणणार, पुरे झालं शिक्षण. हे सड्यावरचं कॉलेज होतं म्हणून त्या पंधरावीपर्यंत पोचत होत्या.

आमचा पहिला तास घड्याळावर नव्हता, एसटीवर होता. सात वीसची गाडी कधी साडेसातला यायची, कधी आठला. रावजीभाऊ फाटकात उभा राहायचा. गाडी चढणीवर दिसली, मुली उतरल्या, शेवटची मुलगी वर्गात शिरली, की मग घंटा. कोल्हापूरकडून एक प्राचार्य आले होते, शिस्तीचे. ते म्हणाले, घंटा साडेसातला झालीच पाहिजे. रावजीभाऊने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी साडेसातला प्राचार्य घंटेपाशी गेले तर घंटा वाजवायचा लोखंडी टोल जागेवर नाही. गाडी आली तेव्हा तो रावजीभाऊच्या खिशातून निघाला. प्राचार्यांनी मेमो दिला, त्याने तो घडी करून त्याच खिशात ठेवला. असा भोळा!

त्याचं एवढं का, तर ती जमीन त्याच्या भावकीची. सत्त्याण्णव साली भागोजी गुरुजींनी शिमग्याला सगळ्या कळंबट्यांना पालखीपुढे बसवलं आणि कॉलेजसाठी सडा मागितला. भावकीने दिला. कागद नाही, सही नाही. गवतसुद्धा धड उगवत नव्हतं तिथे, त्याचा कागद कोण करतो? रावजी तेव्हा तिशीतला. चिरे वाहायला तोच, पाया खणायला तोच. गुरुजींनी त्याला शिपाई म्हणून ठेवला आणि सांगितलं, "रावजी, हे सोडून जायचं नाही." तो गेला नाही. त्याचे दोन्ही भाऊ मुंबईला गेले.

गुरुजी वारले आणि संस्था आली त्यांच्या मुलाकडे, अनिलशेठकडे. हा मुंबईचा. गोड बोलणारा. आला की सगळ्यांना ताई-भाऊ करायचा, शिपायाच्या पाठीवर हात ठेवायचा.

तीन वर्षांपूर्वी तपासणी समिती आली. त्यांनी रजिस्टरं बघितली, विहीर बघितली, आणि मग सातबारा मागितला. सातबाऱ्यावर संस्थेचं नाव कुठेच नाही! नावं कोणाची, तर कळंबट्यांची. आजोबांची, त्यांच्या मुलांची, मेलेल्यांची, त्यांच्या वारसांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची. आमच्या कोकणातले सातबारे तुम्हाला माहीतच असतील. एवढासा तुकडा आणि नावांची ही लांबडी रांग. शेरा बसला: जागा संस्थेच्या नावे करावी, अन्यथा पुढची मान्यता मिळणार नाही.

अनिलशेठने रावजीभाऊला ऑफिसात बोलावलं. मी तिथेच होते, पुस्तकांची यादी द्यायला गेले होते. "रावजी," तो म्हणाला, "बाबांचं कॉलेज आता तुझ्या हातात आहे. तुझ्या भावकीच्या सह्या आणल्यास तर राहील, नाहीतर कुलूप." रावजीभाऊ एवढंच बोलला, "आनतो."

वारसांच्या नोंदी लागल्या तेव्हा रावजीभाऊला सोडून आकडा निघाला बेचाळीस. मी त्याला लायब्ररीतली एक कोरी वही दिली. त्यात माझ्या अक्षरात बेचाळीस नावं लिहिली. सगळ्यांनी रावजीभाऊच्या नावे मुखत्यारपत्र द्यायचं, म्हणजे त्यांच्या वतीने जमीन संस्थेला देण्याच्या बक्षीसपत्रावर तो सही करणार, असं ठरलं.

आता हे बेचाळीस जण काय गावात बसलेत? नालासोपारा, डोंबिवली, घाटकोपर, एक सुरतेला. त्यांना गाठायची वेळ एकच, शिमगा. चाकरमानी एरवी आईच्या आजारपणाला येणार नाही, पण पालखी दारात येते तेव्हा हजर. त्या वर्षी पुढे पालखी, ढोल, मागे नाचणारी पोरं, आणि त्यांच्यामागे रावजीभाऊ, हातात प्लास्टिकची पिशवी. पालखी एका अंगणातून उठली की तो त्या घरच्याला कोपऱ्यात घ्यायचा. लोक वैतागायचे. "रावज्या, देवीला तरी जाऊ दे पुढे!" तो हसायचा आणि वही उघडायचा.

सगळ्यांत आडमुठा निघाला त्याचा चुलतभाऊ सखाराम. सखारामचं म्हणणं, "तोंडी दिली तशी राहू दे. इतकी वर्षं राहिली ना? कागद झाला की जमीन गेली." आणि गंमत बघा, सखारामचीच नात ऋतिका कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, आणि वाणिज्यात पहिली येत होती. रावजीभाऊ त्याला म्हणाला, "सख्या, मान्यता गेली तर तुजी ऋतिका घरी बसंल." तेव्हा सखारामने वही ओढून घेतली आणि नावं चाळली. मग म्हणाला, "ठीक हाय. पण मला कागदावर भरवसा नाय. जाकादेवीला नारळ ठेव. जमीन कॉलेजलाच राहील असा शब्द दे. मग मी सही देतो, आणि मी दिली की बाकीचे देतील."

हे ऐकून सगळ्या भावकीला हायसं वाटलं. नारळ ठेवला म्हणजे झालं! आमच्याकडे कोर्टात खोटं बोलतील, देवळात नाही. शिमग्याच्या पाचव्या दिवशी सगळे जमले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "आई जाकादेवी, हा तुजा रावजी आज शब्द देतो हाय, सड्याची जागा लेकीबाळींच्या शिक्षणाला राहील, दुसऱ्या कामाला जायाची नाय." सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" रावजीभाऊने दोन्ही हातांनी नारळ देवीपुढे ठेवला. गुरवाने तो लाल फडक्यात बांधून आत ठेवला. काम पुरं झालं, संस्थेच्या नावावर जागा चढून पुढे दोन वर्षं कॉलेज नीट चाललं, की उचलायचा.

आता मला सांगा, शब्द कोणाकडून घ्यायला हवा होता? ज्याच्या हातात जमीन जाणार त्याच्याकडून ना? नारळ अनिलशेठला ठेवायला लावायचा होता. आमच्या शहाण्यांनी लावला शिपायाला! का, तर अनिलशेठ मोठा माणूस, त्याला देवळात असं उभं करणं बरं दिसत नाही. रावजी आपला. आपल्या माणसाचा शब्द घेतला की यांचं समाधान. जळलं मेलं ते समाधान. अनिलशेठ त्या दिवशी देवळाबाहेर गाडीत बसून फोनवर बोलत होता, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पण त्या नारळानंतर वही भराभर भरली. विहिरीचा तुकडा तेवढा वेगळा होता, गुलाम रसूल मुकादमांचा. ते कुवेतमध्ये तीस वर्षं काढून आता किनाऱ्यावरच्या गावी राहायला आलेले. त्यांच्याकडे मीच रावजीभाऊबरोबर गेले. त्यांनी आधी सरबत दिलं, मग विचारलं, "रावजी, पाणी मुलीच पिणार ना?" रावजीभाऊ म्हणाला, "मुलीच, रसूलभाई. देवीला शब्द दिलाय." रसूलभाईंनी वाचायचा चष्मासुद्धा लावला नाही. कुठे सही करू, एवढंच विचारलं.

शेवटचं नाव राहिलं त्याच्या सख्ख्या बहिणीचं, शेवंतीचं. ती वेळणेश्वरला दिलेली. रावजीभाऊ तिच्याकडे जायला कचरत होता. कारण घराच्या वाटणीत तिच्याकडून हक्कसोड घेतली होती आणि नंतर वर्षानुवर्षं तिला माहेरी धड कोणी बोलावलं नव्हतं. तो गेला तर ती म्हणाली, "दादा, सही पाहिजे असली की बरी बहीण आठवते तुम्हाला." तो ओट्यावर टेकला. ती चांगली तासभर बोलली. मग स्वतःच म्हणाली, "मी हुशार होते का नव्हते?" तो म्हणाला, "माज्यापेक्षा होतीस." "सातवीनंतर शाळा नव्हती म्हणून मला भाताच्या खाचरात उतरवलं. आता ह्या पोरींना तरी उतरवू नका. आण तो कागद. पण कॉलेज गेलं ना दादा, तर मला तोंड दाखवू नको." हे त्याने परत आल्यावर मला जसंच्या तसं सांगितलं आणि वहीत बेचाळिसाव्या नावापुढे खूण केली. त्या दिवशी त्याने घंटा जरा जास्तच वाजवली.

आता मधला भाग. हा मला टाळता आला असता तर मी टाळला असता.

बक्षीसपत्राचा शेवटचा मसुदा घेऊन अनिलशेठ स्वतः आला. दुपारची वेळ, लायब्ररीत मी एकटी. रावजीभाऊ विहिरीवरचा पंप बंद करायला गेला होता. अनिलशेठ म्हणाला, "ताई, रावजीला वाचून दाखवा. त्याचा तुमच्यावर विश्वास आहे." मी आधी मनातल्या मनात वाचलं. आधीच्या मसुद्यात लिहिलं होतं, जागा फक्त महाविद्यालयाकरिता. यात होतं, संस्थेच्या उद्दिष्टांकरिता अथवा संस्थेस योग्य वाटेल त्या कारणाकरिता. मी ती ओळ परत वाचली. मी अनिलशेठला विचारलं, "हे असं का बदललंत?" तो हसला. "वकिली भाषा असते हो ताई. सगळीकडे असंच लिहितात." आणि मग टेबलावरची पुस्तकं सारखी करत म्हणाला, "बरं, तुमची कायम करायची फाईल या महिन्यात माझ्याकडे आली आहे. बघतो मी."

एवढंच. धमकी नाही, काही नाही. बारा वर्षं मी दर जूनला नेमणुकीचं पत्र येईल की नाही म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. घरी आईचं आजारपण. मी काय करायला हवं होतं ते मला शिकवायला येऊ नका, ते मला माहीत आहे.

रावजीभाऊ हात पुसत आला, खाली बसला. मी वाचायला सुरुवात केली. ती ओळ मी गाळली नाही, पण भरभर वाचली. तो लक्ष देऊन ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "बाई, कॉलेज लिवलंय ना त्यात?"

लिहिलं होतं. इमारतीच्या वर्णनात लिहिलं होतं, "सदर जागेतील कॉलेजची सहा खोल्यांची इमारत." मी म्हटलं, "हो, आहे."

"मग झालं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी निबंधकाच्या कार्यालयात त्याने बेचाळीस जणांच्या वतीने सह्या केल्या. वर एक स्वतःची. हात दुखला म्हणून मधे थांबला, बोटं मोडली, पुन्हा बसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता त्याने.

पुढचं सगळं कायद्याने झालं. तेच तर दुःख आहे. खोटं काही नाही, चोरी नाही. मान्यता मिळाली, जागा नावावर चढली, गावात पेढे वाटले. तेवढ्यात खालचा हायवे रुंद झाला आणि कातळाला किंमत आली. वर्षभराने संस्थेने ठराव केला: विद्यार्थिसंख्या घटत आहे, सबब सड्यावरचे वर्ग बंद करून संस्थेच्या रत्नागिरी शहरातल्या कॉलेजात सामावून घेण्यात यावेत. लागतील त्या परवानग्या आल्या. मुलींना पत्रं गेली की तुमची गैरसोय होणार नाही, रत्नागिरीला प्रवेश निश्चित आहे. डोंबलाचा निश्चित! एकशे सदतीस मुलींपैकी रत्नागिरीला गेल्या एकोणीस. ऋतिका नाही गेली. सखारामने दोन महिने गाड्यांची वेळापत्रकं बघितली, मग तिची पत्रिका काढली.

सड्यावर आता रिसॉर्ट होतंय. वर्गांचे चिरे काढून त्यांनी कुंपणाला लावले. विहीर ठेवली आहे, शोभेची.

रावजीभाऊला अनिलशेठने रिसॉर्टच्या फाटकावर नोकरी देऊ केली. "तुला सवय आहे फाटकाची," असं म्हणाला, निर्लज्ज कुठला! रावजीभाऊने घंटेचा टोल तेवढा मागून घेतला आणि घरी आला. मग देवळात गेला. गुरवाला म्हणाला, "माजा नारळ काढ." गुरव म्हणाला, "रावजी, शब्द पुरा झाल्याशिवाय नारळ उचलता येत नाय." तो नारळ अजून तिथेच आहे. गावात त्याला कोणी वाळीत टाकलं नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त पालखी त्याच्या अंगणात आली तेव्हा नेहमी तासभर नाचते ती ओटी भरून लगेच उठली. तो पायरीवर उभा राहिला आणि बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी घेतली, वही घेतली, आणि घराबाहेर पडला. बेचाळीस दारं. पुन्हा. नालासोपारा, डोंबिवली, घाटकोपर, सुरतसुद्धा. प्रत्येकाच्या दारात उभा राहून एकच वाक्य, "मी शब्द दिला होता, तो माज्याकडून राहिला नाय." कुणी चहा दिला, कुणी दार लावून घेतलं. यादीत नसताना तो रसूलभाईंकडेही जाऊन आला. त्यांनी त्याला जवळ बसवलं आणि पुन्हा सरबत दिलं. शेवंतीने दार उघडलं, भावाला पाहिलं, आणि म्हणाली, "तोंड दाखवू नको म्हटलं होतं ना?" तो म्हणाला, "म्हनून पाठ करून उभा ऱ्हातो, पन ऐकून घे." आणि खरंच पाठ करून त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं.

हे सगळं मला त्यानेच सांगितलं. गेल्या रविवारी दुपारी माझ्या दाराची कडी वाजली. मी आता रत्नागिरीत राहते, संस्थेच्या शहरातल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, कायम. फाईल मंजूर झाली. बघतो म्हणाला होता अनिलशेठ, बघितलंन त्याने.

रावजीभाऊ दारात उभा. वाळला होता. मी आत बोलावलं, पंखा लावला. त्याने वही काढली आणि मला दाखवली. माझ्याच अक्षरातली नावं, प्रत्येकापुढे आता दोन खुणा. सगळ्यांत खाली त्याने स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात एक नाव वाढवलं होतं. नम्रताबाई.

"त्रेचाळिसावं घर तुमचं," तो म्हणाला. "तुमचं पन कॉलेज गेलं माज्यापायी. तुमी एवढं वाचून दाखवलंत, माज्याच डोक्यात शिरलं नाय. सखाराम तुमचं नाव घेत होता, बाईंना ठाऊक असनार म्हनून. मी त्याला झापला. बोललो, मला काय बोलायचं ते बोल, बाईंवर जायाचं नाय."

मी चहा ठेवला. साखर सांडली, ती पुसत राहिले.

"कायम झालात ना?" त्याने विचारलं.

"झाले."

"बरं झालं. ह्या सगळ्यात एकाचं तरी चांगलं झालं." हे तो मनापासून बोलला. टोमणा असता तर मला सोसला असता.

त्याने चहा संपवला, माझ्या नावापुढे खूण केली, वही पिशवीत घातली. मी फाटकापर्यंत गेले. सांगायचं होतं. त्या वेळी नाही सांगितलं, निदान आता सांगायचं होतं. तो वळला, हात जोडले, आणि वाट बघत उभा राहिला, माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असेल त्याला.

मी म्हटलं, "ऊन आहे, रिक्षाने जा."

"चालत जातो," तो म्हणाला, आणि गेला.